चूल पेटला

“रिक्षा चालू द्या, पण ते गाणं तेवढं बंद करा,” लीलाताई म्हणाल्या.

रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं. “का ओ मावशी? लई चाललंय की हे. जुळे सोलापुरात घराघरात वाजतंय.”

‘चूल पेटला, भाकरी फुगला, तुझा वाट बघून डोळा थकला.’ गाणाऱ्या बाईचा आवाज मोकळा होता, एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जाईल असा. पण लीलाताईंनी एकतीस वर्षं एका दैनिकात मुद्रितं तपासली होती. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नव्हतं. घरी पोचल्यावर त्यांनी मोबाइलवर ते गाणं शोधलं आणि खाली लिहिलं, ‘चूल पेटली, भाकरी फुगली, तुझी वाट. एका ओळीत तीन चुका. गाण्यापूर्वी मराठी शिकून घ्यावी.’

आठवड्यात चार हजार लोकांनी ते लाइक केलं. एकतीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी एवढं नावाजलं नव्हतं. दोन दिवस त्यांना बरं वाटलं. मग खाली लोक लिहू लागले, ‘चूल आला, भाकरी गेला’. कुणीतरी त्या बाईंची नक्कल करून व्हिडिओ टाकला. लीलाताईंनी पुढचं वाचणं सोडून दिलं.

आणि एके दुपारी एक निरोप आला. ‘मी सिद्धेश्वरी, मंद्रूपहून. गाणारी शिवबाई माझी आई. आमच्या घरात कन्नड बोलतात. आई शाळेत गेलेली नाही. आजी वारली तेव्हा आईनं हे गाणं रचलं. मंगळवेढ्याला हुरड्याच्या कार्यक्रमात तिला गायला बोलावलं आहे. आता ती म्हणते, मी कधीच गाणार नाही.’

लीलाताईंनी निरोप दोनदा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मंद्रूपच्या एसटीत बसल्या.

शिवबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या. सिद्धेश्वरीनं ओळख करून दिली, तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “बसा,” एवढंच म्हणाल्या.

“माझं चुकलं,” लीलाताई उभ्यानंच म्हणाल्या. “जे तुमच्या कानात सांगायचं, ते मी चारचौघांत सांगितलं. तेही तोडून.”

“तुमी खोटं कुटं लिवलं? माझा चूक हाय की.” शिवबाई पदराला हात पुसत राहिल्या. “पर गाणं आईचं हुतं. लोक आईवर हसल्यावानी वाटलं.”

लीलाताई तिथंच खाली बसल्या. सिद्धेश्वरीनं चहा आणला.

चहा संपल्यावर शिवबाईंनीच विचारलं, “एक सांगा. आमच्या कन्नडात बाई असंल तर ती, गडी असंल तर तो. बाकी समदं ते. तुमी चुलीला बाई कशापायी केलं?”

शिवबाई बोटांवर मोजू लागल्या.

“तवा?”

“तो.”

“परात?”

“ती.”

“आन् पीठ?”

“ते.”

“एका भाकरीला तिगं! का बरं?”

“तसं... म्हणतात म्हणून,” लीलाताई म्हणाल्या.

“म्हंजे तुमालाबी ठावं न्हाय!” शिवबाई खळखळून हसल्या. लीलाताईंनाही हसू आवरेना.

मग दोघी गाणं घेऊन बसल्या. लीलाताईंनी सुचवलं, “पेटली, फुगली, आणि शेवटी नजर थकली. यमकही राहतं.”

शिवबाईंनी म्हणून पाहिलं आणि मान हलवली. “पेटली, फुगली बरं हाय. नजर नगं. आई चुलीम्होरं डोळे चोळत बसायची. डोळाच पायजे.”

“मग यमक जाईल.”

“जाऊ द्या. मी सूर वाढवते.”

त्यांनी डोळे मिटले आणि ‘थकला’ हा शब्द इतका लांबवला, की तो संपला तेव्हा सिद्धेश्वरीनं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. यमक गेल्याचं लीलाताईंच्या ध्यानातही आलं नाही.

“मंगळवेढ्याला गाताय ना?” त्यांनी हळूच विचारलं.

“जाते की. तुमी येनार?”

“येणार.”

तिथंच बसून लीलाताईंनी आपलं जुनं लिहिलेलं पुसलं आणि त्या जागी लिहिलं, ‘मी या बाईंना भेटले. चूक माझी होती.’ खाली पूर्ण नाव घातलं.

निघताना त्यांनी सिद्धेश्वरीला कन्नडात ‘येते’ कसं म्हणतात ते विचारून घेतलं होतं. दाराशी हात जोडून त्या म्हणाल्या, “होगि बर्री.”

मायलेकी हसत सुटल्या. शिवबाई म्हणाल्या, “अवो, ते मी म्हनायचं! त्याचा अर्थ जाऊन या. तुमी मलाच घरातनं घालवताय की!”

“मग मी काय म्हणू?”

“होगि बर्तीनि.”

लीलाताईंनी म्हणून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हटलं. शिवबाई त्यांना पोचवायला स्टँडपर्यंत आल्या आणि वाटभर एकेक अक्षर दुरुस्त करत राहिल्या.

एसटी हलली, तशा लीलाताई खिडकीतून वाकल्या. “होगि बर्तीनि!” त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, की पुढच्या बाकावरचे दोघे वळून बघायला लागले.

खाली उभ्या शिवबाईंनी मान डोलावली. “आता बराबर.”