मागे सारा

पोस्टमनची बायको लेकीच्या बाळंतपणाला निघाली तेव्हा तिने त्याला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. आबांची सकाळची गोळी चुकवायची नाही आणि ठिपकीच्या भानगडीत पडायचं नाही. ठिपकी म्हणजे त्यांची गाय. ती व्यायला अजून सतरा दिवस होते आणि बायको त्याआधीच परतणार होती.

पोस्टमन या हुकमावर खूश होता. एकतीस वर्षं त्याने सायकलवरून पत्रं वाटली, निवृत्त होऊनही चार वर्षं झाली, पण गोठ्यात त्याचं काही काम कधी पडलं नाही. ठिपकीही त्याला फारशी ओळख देत नसे. चारा घालायला शेजारची बाई येई. घरात तो आणि आबा, म्हणजे त्याचे सासरे, दोघंच उरले. आबा चौऱ्याऐंशीचे. कानाने कमी, पण आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला माणूस उठून दार उघडेल.

आठव्या दिवशी वादळ आलं. पहाटेच वीज गेली. दहाच्या सुमारास वाऱ्याने कुणाचा तरी पत्रा आणून अंगणात आपटला, तेव्हा आपल्या गोठ्याचं छप्पर तरी जागेवर आहे का म्हणून पोस्टमन पोतं डोक्यावर घेऊन मागे गेला. छप्पर जागेवर होतं. ठिपकी मात्र आडवी पडून कण्हत होती. पाणमोट फुटली होती आणि शेपटीखाली एक खूर दिसत होता.

तो तसाच घरात पळाला. फोनला रेंज मिळायची ती फक्त स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत, आणि त्या दिवशी तिथेही जेमतेम एक काडी. जनावरांच्या डॉक्टरांना फोन लागला. ते म्हणाले, "पुलावरून पाणी चाललंय. उतरलं की निघतो. तोवर घरात जाणतं कुणी आहे का?"

जाणतं माणूस दीडशे मैलांवर नातवाला मांडीवर घेऊन बसलं होतं. पोस्टमनने बायकोला फोन लावला.

"एकच खूर?" तिने विचारलं. "नाक दिसतंय?"

"मी नीट बघितलं नाही."

"मग बघा. फोन घेऊन जा गोठ्यात."

"गोठ्यात रेंज नाही गं."

मग ती म्हणाली, "आबांना द्या फोन."

असा कारभार सुरू झाला. आबांनी खुर्ची खिडकीशी ओढली, स्पीकर लावून फोन कानावर दाबला आणि दुसरा हात तोंडाशी धरला. गोठ्याचं दार खिडकीसमोरच, पंधरा पावलांवर. मधे पाऊस आडवा कोसळत होता. पोस्टमनने कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, तेल चोपडलं आणि ठिपकीच्या मागे गुडघे टेकले.

"नाक दिसतंय," तो ओरडला. "खूर एकच."

आबांनी ते फोनमध्ये सांगितलं, ऐकलं, आणि बाहेर हाक दिली, "जावईबापू, ती म्हणतेय दुसरा पाय आत दुमडलाय. कळ ओसरली की मागे सरा."

कळ ओसरली. पोस्टमन उठून दोन पावलं मागे सरला आणि वाट बघू लागला. काहीच झालं नाही. दुसरी कळ आली, ओसरली. तो आणखी एक पाऊल मागे सरला. आता त्याची पाठ भिंतीला टेकली होती.

"आबा, आता?"

"ती विचारतेय, गेलं का मागे?"

"गेलो की. भिंतीपर्यंत आलो."

खिडकीत बरंच बोलणं झालं. मग आबा म्हणाले, "तुम्ही नाही हो. वासरू. वासराला मागे सारा, असं म्हणाली ती. माझ्या ऐकण्यात जरा काना कमी पडला."

पोस्टमनला त्या अवस्थेतही हसू फुटलं. त्याने हात आत घातला. उबदार, घट्ट, आणि त्या उबेत एक ओलं कपाळ. कळ ओसरताच त्याने तळव्याने वासराला हळूहळू मागे रेटलं. जागा झाली तसा दुमडलेला गुडघा हाताला लागला.

"गुडघा सापडला. पुढे?"

"पुढे ती म्हणतेय खूर..." आबा थांबले. फोन कानापासून दूर धरून त्यांनी बघितलं, हलवला, पुन्हा कानाला लावला. "गेली रेंज."

वारा घोंघावत होता. ठिपकीने मान वळवून पोस्टमनकडे बघितलं. ती घरात आल्यापासूनच्या आठ वर्षांत पहिल्यांदाच असं रोखून बघितलं असावं. पुढची कळ यायला फार वेळ नव्हता. खूर ओढायचा, एवढं त्याला कळलं. पण तो टोकदार खूर आतून ओढताना ठिपकीला फाडेल, हेही त्याच्या ध्यानात आलं. अरुंद पेटीत जाड लिफाफा सारताना तो नेहमी कोपऱ्यावर मूठ धरायचा, म्हणजे ना लिफाफा दुमडे, ना पेटीतलं दुसरं पत्र. त्याने बोटं खाली नेली, खूर मुठीत पुरता झाकला आणि बेताबेताने वर, मग पुढे आणला. दोन्ही खूर शेजारी शेजारी आले. मधे नाक.

"आले दोन्ही पाय," तो म्हणाला. कुणाला ऐकू जावं म्हणून नव्हे, नुसतंच म्हणाला.

तेवढ्यात खिडकीतून हाक आली. "लागला, लागला फोन. ती म्हणतेय खूर मुठीत झाकून आणा."

"आणला."

"काय?"

"आणला, सांगा तिला."

आबांनी सांगितलं. पुढचं मात्र सरळ होत गेलं. ठिपकी जोर करील तेव्हाच ओढायचं, खालच्या बाजूला ओढायचं. तिसऱ्या कळेला वासरू पेंढ्यावर घसरलं आणि निपचित पडून राहिलं. पोस्टमनने नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, आबांनी ओरडून सांगितल्याप्रमाणे नाकपुडीत पेंढ्याची काडी फिरवली. वासरू फडाफडा शिंकलं. कालवड होती. ठिपकी उठली, वळली आणि तिला चाटता चाटता घशातून एक हलका, दाटलेला हुंकार काढू लागली.

तो आवाज वाऱ्यातूनही खिडकीपर्यंत गेला. आबांना नाही ऐकू आला, फोनमधून बायकोला आला. "आबा, झालं," ती म्हणाली, "असा आवाज ती वासरालाच देते." आणि मग ती काही बोलेना. आबांना वाटलं पुन्हा रेंज गेली. रेंज होती.

तासाभरात कालवड धडपडत उभी राहिली, आचळाला लागली, आणि पोस्टमन पालथ्या बादलीवर बसून ती चीक पिते कशी ते बघत राहिला. उठावंसंच वाटेना.

वारा चारच्या सुमारास पडला. डॉक्टर आले, तपासलं, "कुणी काढलं?" म्हणून विचारलं आणि पोस्टमनकडे जरा आदराने बघितलं. ते गेल्यावर फोनला एकदम तीन काड्या आल्या आणि दिवसभर कुठे अडकून पडलेले बायकोचे मेसेज एकामागून एक येऊन पडले. पोस्टमनने चष्मा लावून आबांना मोठ्याने वाचून दाखवले.

"खूर मुठीत झाकून आणा."

"घाई करू नका."

"ऐकू येतंय का?"

"तुम्हाला जमेल. तुमचे हात हलके आहेत."

हा त्याने आबांना नीट ऐकू गेला की नाही म्हणून दोनदा वाचला.

"आबांना जेवायला दिलंत का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सकाळच्या गोळीनंतर आबांच्या पोटात काहीच गेलं नव्हतं.

"कळवा तिला, दिलं म्हणून," आबा म्हणाले आणि ताटं घ्यायला उठले.