मालकीणबाईंची सही

व्हर्लिन टोस्ट्रुड फेब्रुवारीत गेला. आयोवातल्या आमच्या भागातल्या चर्चचे ऑर्गन सुरात लावायचा त्याचा एकट्याचा धंदा. हिशेब मी बघायचे. स्वतःसाठी आणि बायकोसाठी त्याने धंद्यातून निवृत्ती योजना काढली होती. तिचं वार्षिक विवरण जुलैअखेर करखात्याकडे भरायचं होतं आणि मालक, विश्वस्त, व्यवस्थापक, सगळीकडे नाव त्याचंच.

"मग सही कोण करणार? त्याचं भूत?" त्याच्या बायकोने, आर्डिसने, रुबार्बचा केक माझ्यापुढे सरकवला.

"तुम्ही. कोर्टाने त्याच्या मागचं सगळं तुमच्यावर सोपवलंय. धंद्याच्या मालकीणबाई आता तुम्हीच."

"बघ, कॉरिन! जिवंतपणी साधं भागीदार केलं नाही मेल्याने, आणि आता थेट मालकीण!"

ती हसली, मग चष्मा काढून पुसत बसली. सही करताना एका चौकोनावर तिचं बोट थांबलं. "'शेवटचं विवरण'. इथे खूण करायची?"

"आत्ता नाही. योजनेतले पैसे तुमच्या खात्यात वळवले, योजना बंद केली, की मग. म्हणाल तर याच महिन्यात उरकू."

"उरकायची घाई नको, धंदा अजून चालू आहे. सप्टेंबरात ल्यूथरन चर्चचा ऑर्गन लावून देईन, असा शब्द दिलाय त्याने."

"पण करणार कोण?"

"मी. तो ऑर्गनच्या आत, नळ्यांमध्ये शिरायचा, मी बाहेर बसून पट्ट्या दाबायचे. बेसूर कुठे आहे ते आधी मलाच कळायचं. यंदा मी आत, तू बाहेर."

जुलैत विवरण गेलं. सप्टेंबरात मी ऑर्गनपुढे बसले. आर्डिस गुडघे सांभाळत नळ्यांच्या जंगलात शिरली.

"पुढची!" आतून आवाज आला. "पुढची, गं! झोपलीस का?"

"ओरडताय काय?"

"तोही असाच खेकसायचा. मी दिवसदिवस अबोला धरायचे. आत नाकातोंडात धूळ जाते, ते काय ठाऊक मला!" ती शिंकली आणि पुढच्या नळीकडे वळली.

संध्याकाळी पाद्रीबुवांनी एक स्तोत्र वाजवून पाहिलं. आर्डिसने डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं आणि मान डोलावली.

वर्षअखेरीच्या आत पैसे तिच्या खात्यात गेले. जानेवारीत नव्या विवरणावर तिने 'शेवटचं विवरण'च्या चौकोनात खूण केली, खाली सही केली आणि पाकीट स्वतःच चिकटवलं.

"टाक पोस्टात," ती म्हणाली. मी दारापर्यंत पोचते तोच पायात बूट घालत म्हणाली, "थांब गं, मीही येते."