मी पुसलेल्या जागा

मित्रांनो, ऐका ना. आधी नुसतं ऐका. मधेच "मग काय झालं, मग काय झालं" करू नका, नाहीतर माझी गाडी घसरते आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मी एक जुना टॉवेल आहे. पांढरा. म्हणजे एकेकाळी पांढरा. कडेला दोन निळ्या रेघा आणि एका कोपऱ्यात न जाणाऱ्या शाईनं लिहिलेलं ४१२. हा माझा नंबर, लाँड्रीतला. मला कुठे विणलं ते नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की यंत्रं खडखडत होती आणि माझ्यासारखे शेकडो टॉवेल एकमेकांना चिकटून बाहेर येत होते. मग कात्री आली आणि मी एकटा झालो.

एका माणसानं मला विकत घेतलं, वापरलं आणि दोन शर्टांबरोबर लाँड्रीत टाकलं. "परवा येतो," म्हणाला. आलासुद्धा! शर्ट घेऊन गेला. मला विसरला. दुकानाच्या दारावरची घंटा किणकिणली की मला वाटायचं, आला, आता आठवलं याला. दोन वर्षं मी फळीवर बसून ती घंटा ऐकली. मग लाँड्रीवाल्यांनी मला खाली काढलं, झटकलं आणि म्हणाले, "याला आता कोण येतंय! घ्या घरात."

दुकान पुढे, घर मागे, मधे फक्त एक पडदा. लाँड्रीवाल्यांना मी बाबाच म्हणतो, कारण त्यांची मुलगी तसं म्हणते. मुलीला सगळे धाकटी म्हणतात. तिला थोरलं कुणीच नाही, तरी धाकटी. का, ते कुणालाच माहीत नाही.

धाकटीचे केस पुसणं हे माझं पहिलं काम. काय दिवस होते ते! आंघोळ झाली की मला खांद्यावर घेऊन राजासारखी घरभर फिरायची आणि आई मागून ओरडायची, "राणीसरकार, आधी अंग पुसा!" मग मी विरळ झालो. मधोमध भोक पडलं. एक दिवस आईनं मला उजेडात धरलं, भोकातून पलीकडे बघितलं आणि मोरीतल्या खिळ्याला अडकवलं. त्या दिवसापासून मी फरशी पुसायचं फडकं.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण कामाचा होतो ना!

आता या घरातला एक नियम सांगतो. नीट लक्षात ठेवा, सगळं त्याच्यावर आहे. दुकानात एक मोठा टब. गरम पाणी, सोडा, साबण, वाफ. त्यात फक्त गिऱ्हाइकांचे कपडे जायचे. बाबांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता तो. लोकांच्या कपड्यांत घरचं फडकं पडता कामा नये. मग माझं काय? मोरीतला नळ सोडायचा, खळखळ धुवायचं, पिळायचं, खिळ्याला टांगायचं. साबण नाही की काही नाही. अख्ख्या गल्लीचे कपडे धुणाऱ्या घरात मी एकटाच कधी धुतला गेलो नाही.

आणि मग बटण्या आला.

कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू. पाण्याच्या टाकीखाली एकटंच कुंई कुंई करत बसलं होतं. धाकटीनं दप्तरातून आणलं. नाक असं, की दुकानातल्या तुटक्या बटणांच्या बरणीतलं एखादं काळं बटण चिकटवलंय. म्हणून बटण्या. बाबा म्हणाले, "कपड्यांचं दुकान आहे आपलं. कळतंय का तुला? एकदा वास लागला की गिऱ्हाईक दाराशी उभं राहायचं नाही." धाकटी म्हणाली, "मी शिकवीन त्याला. शप्पथ." बाबा म्हणाले, "शाळा सुरू होईपर्यंत. त्याच्या आत शिकला तर राहील. नाही शिकला तर आत्याकडे."

शाळा सुरू व्हायला चार आठवडे होते.

मित्रांनो, तिनं काय नाही केलं! उठल्या उठल्या त्याला उचलून मागच्या अंगणात. खाल्लं की अंगणात. झोपून उठला की अंगणात. बाहेर शू केली की "शहाणा माझा तो" म्हणून इतकं नाचायची की शेजारच्या काकू खिडकीतून विचारायच्या, "काय गं, पहिला नंबर आला काय?" बाबांच्या खडूनं तिनं मोरीच्या भिंतीवर रेघा मारायला सुरुवात केली. घरात काही केलं नाही की त्या दिवसाची रेघ.

पहिल्या आठवड्यात एक रेघ. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात... एकच.

कारण अंगणातून आत यायचा, शेपूट हलवत टेबलाखाली जायचा आणि तिथेच बसायचा. किंवा पलंगाच्या पायाशी. किंवा पडद्याजवळ. रोज नवी जागा! मग आई मला घेऊन यायची, तिथलं पुसायची आणि हातासरशी बाकीची खोलीही पुसून काढायची. टेबलाखालून पलंगापर्यंत, पलंगापासून पडद्यापर्यंत. मी जीव तोडून पुसायचो. फरशी लख्ख दिसायची. मला वाटायचं, धाकटीच्या बाजूनं लढणारा या घरात मीच एक आहे.

बाबा वैतागायचे. "गंज काढतो मी, शाई काढतो, रक्त काढतो. आणि माझ्याच घरात रोज नवीन डाग!"

"अहो, लेकरू आहे ते," आई म्हणायची.

"लेकरू? तुझ्या लेकीनंसुद्धा इतके दिवस नव्हते लावले."

"बाबा!" धाकटी लाल व्हायची. मग सगळेच हसायचे. तेव्हा तरी हसायचे.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली. सांगू की नको असं होतंय, पण सांगतोच. बटण्यानं धाकटीच्या नव्या शाळेच्या बुटांजवळ केलं. पंधरा मिनिटांपूर्वीच अंगणातून आणलं होतं त्याला. तिचं डोकं फिरलं. तिनं मला ओढलं, पीळ दिला आणि माझ्यानंच त्याच्या पाठीवर मारलं. एकदा. "मठ्ठ आहेस तू! मठ्ठ!" बटण्या ओरडला नाही. नुसता चपटा झाला, फरशीला टेकून. मग धाकटीच मला तोंडावर धरून रडली. मी ओला होतो, तसाच धरलं तिनं मला.

त्यानंतर बटण्या लपून करायला लागला. कपाटामागे, पोत्यांमागे. आधी समोर तरी करायचा.

शाळेला चार दिवस उरले. त्या दिवशी बँडवाल्यांचे बारा पांढरे कोट तयार होते, सोनेरी बटणांचे. संध्याकाळी कुठेतरी वाजवायचं होतं त्यांना. दुपारी पाऊस आला म्हणून गठ्ठा दुकानातून आत घ्यायचा ठरला. बाबा आईला म्हणाले, "जागा आधी नीट पुसून घे गं. दोनदा पूस. पांढरं काम आहे."

आईनं दोनदा पुसलं. माझ्यानं. घासून घासून. त्यावर स्वच्छ चादर पसरली, चादरीवर कोट.

अर्ध्या तासानं बटण्या झोपेतून उठला, डुलत डुलत आला, चादरीच्या कडेशी नाक लावलं, गोल फिरला, कोटांवर चढला आणि बसला.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी वरचे पाच कोट उचलले, टबात टाकले, धुतले, इस्त्रीनं वाळवत बसले. बँडवाला आला, ताटकळला, म्हणाला, "मालक, तुमच्याकडे आमचे वडील यायचे. असं कधी झालं नव्हतं." एवढंच बोलला. बाबांची मान खाली गेली, ती तो जाईपर्यंत वर आली नाही.

"बाबा, अजून चार दिवस आहेत," धाकटी पडद्याआडून म्हणाली.

"धाकटे, उद्या आत्या येतेय."

"चारच दिवस, बाबा. मी त्याला दिवसभर अंगणातच ठेवीन."

"तू केलंस गं सगळं. मी बघितलंय. काही काही जण नाहीच शिकत. त्याला इलाज नाही."

दुसऱ्या दिवशी आत्या त्याला पिशवीत घालून घेऊन गेली. पिशवीतून फक्त ते बटण बाहेर होतं. दारावरची घंटा किणकिणली. मोरीतून मला तेवढंच ऐकू आलं.

आठ दिवस झाले तरी धाकटीनं भिंतीवरच्या चार रेघा पुसू दिल्या नव्हत्या.

मग आत्याचा फोन आला. आईनं सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. "अगं, कोण म्हणालं याला मठ्ठ? दुसऱ्या दिवसापासून दाराशी जाऊन उभा राहतो! एकदाच घरात केलं, तेही आम्ही दार लावून बसलो म्हणून."

धाकटी फोनजवळ सरकली. आत्यानंच पुढे विचारलं.

"वहिनी, तुम्ही पुसत कशानं होतात?"

"टॉवेलनं. जुना आहे एक."

"धूत होतात ना तो नीट? साबणानं?"

"नळाखाली," आई हळूच म्हणाली.

"अगं बाई! मग तोच वास सगळीकडे गेला ना घरात. आपल्याला येत नाही, त्यांना येतो. जिथे आपला वास तिथे जायचं, एवढंच कळतं पिल्लाला. तुम्ही रोज त्याला जागा दाखवत होता."

मित्रांनो, मी खिळ्यावर लटकलो होतो आणि मला वाटलं, हे भोक मोठं होत जावं आणि मी सगळाच त्यातून निघून जावं. टेबलाखाली, पलंगाशी, बुटांजवळ. कोटांखाली दोनदा! सगळ्या मी पुसलेल्या जागा. तो रोज बरोबर जागी जात होता आणि रोज बोलणी खात होता. आणि मार? तोही माझाच.

बाबा मोरीत आले. मला काढलं, नाकाशी धरलं, लांब श्वास घेतला. "मला तर काहीच येत नाही," म्हणाले. तीस वर्षं सोड्याच्या वाफेत उभं राहिल्यावर नाकात उरणार काय? डोळ्याला दिसत नाही तो डाग नाही, असंच चालत आलेलं त्यांचं. ते मला घेऊन दुकानात गेले आणि मला टबात टाकलं. वडिलांच्या नियमाच्या टबात. गरम पाणी, सोडा, साबण, मग व्हिनेगर, मग पुन्हा साबण. स्वतःच्या हातानं चोळलं. धाकटी पडद्याशी उभी होती. तिच्याकडे न बघता म्हणाले, "तो शिकत होता गं. आम्हालाच शिकवता येत नव्हतं. रविवारी जाऊ, घेऊन येऊ."

रविवारी धाकटीनं माझी घडी घालून पिशवीत ठेवली. येताना बसमध्ये बटण्याच्या अंगाखाली मी असणार होतो. मी इतका पांढरा झालो होतो की ४१२ लांबून वाचता येत होतं.

आत्याच्या घरी तिचे सासरे होते, म्हणजे आजोबा. जन्मभर घरोघर पत्रं वाटलेले पोस्टमन. आजी गेल्यापासून वर्षभर खुर्चीतून उठत नव्हते, जेवायलासुद्धा हाक मारावी लागायची. आम्ही गेलो तेव्हा खुर्ची रिकामी. फाटकातून आजोबा येत होते, पायात बूट, हातात दोरी, पुढे बटण्या.

"तीस वर्षं कुत्री माझ्या मागे लागली," ते बाबांना म्हणाले, "आता मी याच्या मागे लागतो. दिवसातून चार वेळा! काय नशीब बघा." आणि खो खो हसले. स्वयंपाकघराच्या दारात आत्यानं पटकन पाठ फिरवली आणि डोळ्यांना पदर लावला.

बटण्यानं धाकटीला बघितलं आणि दोरी हिसडून तिच्यावर झेपावला. चेहरा, कान, वेण्या, काही सोडलं नाही. ती फरशीवर बसून हसत होती, रडत होती. मग त्यानं काय करावं? धावत दाराशी गेला, उभा राहिला, मागे वळून आजोबांकडे बघितलं. आजोबा गुडघ्यावर हात ठेवून उठले. "चला साहेब."

"तू म्हणशील तसं," बाबा धाकटीला म्हणाले. "आजोबांनाही सांगून ठेवलंय. ते म्हणाले, पोरीचा आहे तो, पोरगी नेईल."

धाकटी बराच वेळ पिशवीत हात घालून बसली. तिची बोटं माझ्या भोकात अडकली होती. मग तिनं मला बाहेर काढलं, आजोबांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर पसरलं, कोपरे ओढून नीट केले. बटण्या आत आला, मला हुंगलं. मी श्वास रोखून धरला. तो गोल फिरला, एकदा, दोनदा. आणि माझ्यावर झोपला.

धाकटी रिकामी पिशवी घेऊन बसमध्ये चढली. ती मागे वळली नाही. तिच्या भिंतीवर अजून त्या चार रेघा असतील का, मला माहीत नाही.

तेव्हा मित्रांनो, कुणी शिकत नाही असं वाटलं ना, तर त्याला मठ्ठ म्हणायच्या आधी आपल्या हातातलं फडकं एकदा धुऊन बघा. मलाच हे पहिल्या आठवड्यात कळलं असतं आणि तिच्याशी बोलायला तोंड असतं, तर मी तिला सांगितलं असतं. दोघांनाही ते उशिरा कळलं. आता कधी कधी आजोबा खुर्चीतून उठताना माझ्यावरचं ऊबदार ओझं उठतं, मला धाकटीची रिकामी पिशवी आठवते आणि वाटतं, तिनं न्यायला हवं होतं. आणि बूट घालताना आजोबा गुणगुणायला लागले की वाटतं, नाही, बरोबर केलं.

तुम्ही सांगा. पिशवीत हात घालून तुम्ही बसला असता, तर काय केलं असतंत?