डावीकडून तिसरा

आमचे वडील फोटोग्राफर. कामाला चोख, स्वभावाने उतावीळ, आणि चूक कबूल करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. माझ्याही नाही. म्हणून दोन दिवस मी मिठाची गुळणी धरून बसलो.

वाचनालयाला आमच्या उपनगराच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं. त्यातला एक सगळ्यांना पाठ: पाण्याच्या टाकीपुढे ओळीने उभे, ती बांधणारे अकराजण. मागे वडिलांच्या अक्षरात नावं, डावीकडून. तिसरं नाव समोरच्या शिवणवाल्या ताईच्या बापाचं. फोटोनंतर महिन्याभरात तो टाकीवरून पडून गेला. ताई तेव्हा पोटात होती. आईही बाळंतपणात गेली, ताई आश्रमात वाढली. डावीकडून तिसरा माणूस तेवढा मोठा करून तिने मशीनसमोर टांगला होता. बाकीचे बनियनवर, सदऱ्यात तो एकटाच, आणि खिसा उजव्या छातीवर.

"बाबा डावखुरे होते," ती गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची. मुलाच्या प्रत्येक शर्टाला खिसा उजवीकडेच लावायची. मुलगा कुरकुरायचा, पण घालायचा.

प्रदर्शनासाठी मी निगेटिव्हवरून मोठी प्रत काढली, आणि माणसांची ओळच फिरली. जुना फोटो पुन्हा भिंगाखाली धरला, तर टाकीवर रंगवलेलं साल त्यात उलटं. वडिलांनी तेव्हा निगेटिव्ह उलटी लावली होती. नावं मात्र खऱ्या क्रमाने लिहिली.

तिसऱ्या दिवशी प्रत घेऊन ताईकडे गेलो.

"ताई, तुझे बाबा हे." मी बोट ठेवलं. हातात घमेलं, अंगात बनियन, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका डाग. ऐनवेळी माणूस हलला होता.

ती बघतच राहिली. "मग भिंतीवर कोण?"

"मुकादम."

"आणि डावखुरे..."

"निगेटिव्ह उलटी लागली, ताई. आमच्या बाबांची चूक." हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. मलाच रडू आलं, तिला नाही.

तिने डागावरून बोट फिरवलं. "हलू नका म्हणून कुणी सांगितलं नाही का हो, दादा, यांना?"

वडील तर सगळ्यांवर तेच ओरडायचे.

संध्याकाळी समोर पाहिलं. भिंतीवर नुसता खिळा होता. ताई मुलाचा नवा शर्ट मांडीवर घेऊन उजवीकडचा खिसा उसवत होती.