दगडाला काडी लावणारा डबा

मित्रांनो, मी रस्त्यात पडलेलो दिसलो असतो तर तुम्ही मला पायाने उडवून पुढे गेला असता. डालड्याचा एक डबा, पोटाला चौकोनी खिडकी कापलेली, आत शाईच्या दौतीचा केलेला स्पिरिटचा दिवा, डोक्यावर तव्याचा तुकडा आणि बाजूला खाच पाडलेला लाकडी ठोकळा. एवढाच माझा थाट. कुठल्याही दुकानात मी मिळत नाही. इंदूरच्या पाटनीपुऱ्यात, एका खोलीच्या ओट्यावर बसून शंकररावांनी मला स्वतःच्या हातांनी घडवलं.

आता माझं काम सांगतो. अंगठीतला खडा केवढासा असतो! तो फिरत्या चाकावर घासायचा तर बोटांत धरता येत नाही; धरलाच तर खड्याआधी नख घासलं जातं. म्हणून खडा काडीच्या टोकाला लाखेने चिकटवतात. खडा माझ्या तव्यावर हळूहळू तापतो, काडीवरची लाख दिव्याच्या आचेवर मऊ होते आणि मग दोघांची गाठ घालून देतात. एक बाजू घासून झाली की ती काडी माझ्या ठोकळ्याच्या खाचेत ठेवून समोरून दुसरी काडी लावायची, पहिली सोडवायची, की खडा उलटा. माझ्या काड्याही साध्यासुध्या नव्हत्या बरं का. कापडगिरणीच्या भंगारात विकायला आलेल्या, सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या तासून त्या केल्या होत्या.

शंकरराव त्याच गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा सगळे म्हणत होते, ‘आज ना उद्या भोंगा वाजेल.’ शंकररावही इतरांबरोबर फाटकाशी आठ महिने बसले. मग एके दिवशी पँट झटकून उठले, सराफ्यातल्या एका कारागिराकडे गेले आणि खडे घासायला शिकले.

यात एक गंमत होती. शंकरराव बौद्ध. वडील महूला फौजेत होते. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर. शनी, मंगळ, साडेसाती यांना त्या घरात पाट मांडलेला नव्हता, आणि काम मात्र शनी-मंगळाच्याच खड्यांचं! मंजुळाबाई, म्हणजे त्यांची पत्नी, चिडवायच्या, “आपण शनीला मानत नाही, पण शनी आपल्याला बरा सांभाळतोय हं!”

शंकरराव म्हणायचे, “मानायचं ते घालणारा मानेल. मला फक्त घासायचंय.”

सुरुवातीला मी अगदी नापास झालो. फिटरचा हात तो. त्याला वाटायचं, आच मोठी आणि पकड घट्ट असली की काम पक्कं. पहिल्याच आठवड्यात तीन खडे तडकले. तेव्हा माझ्या डोक्यावर नुसता पत्रा होता. मंजुळाबाईंनी आपला झिजलेला तवा आणून पुढ्यात टाकला. “अहो, पत्र्यावर कोणी भाकरी भाजतं का? हा कापून लावा, आणि जाळ कमी करा. दगड झाला म्हणून काय झालं, त्यालाही घाई सोसत नाही.” तव्याचा तुकडा माझ्या डोक्यावर चढला आणि त्यानंतर एकही खडा तडकला नाही. सराफ्यात शंकररावांचं नाव झालं. त्या नावाचा मला फार अभिमान वाटायचा.

शंकररावांचा एक नियम होता. कोणीही खडा आणला की त्याच्यासमोरच तो पाण्याच्या वाटीत टाकायचा आणि बाजूने निरखून पाहायचा. दोन तुकडे चिकटवून केलेला फसवा खडा असेल तर पाण्यात जोडाची बारीक रेघ दिसते. मगच तो खडा माझ्या तव्यावर यायचा. हा नियम त्यांनी फक्त एकदा मोडला.

त्या दुपारी बाळकृष्ण आला. एकोणीस वर्षं त्यानं आणि शंकररावांनी एकाच पाळीत काम केलं होतं, दोघं एका डब्यात जेवले होते. त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. आत निळा खडा होता. बायकोच्या कानातले विकून त्यानं तो घेतला होता.

“शनीचा नीलम आहे, भिया! पंडितजी म्हणाले, बोटात गेला की चाळीस दिवसांत गिरणीचा भोंगा वाजणार. बस, अंगठीत नीट बैठत नाहीये. थोड्या कडा घासून दे यार.”

“आणि ती विजय नगरची चौकीदारी?” शंकररावांनी विचारलं. तिकडे नव्या इमारती उठत होत्या आणि एका ठेकेदारानं बाळकृष्णला बोलावलं होतं.

“मना कर दिया. चाळीस दिवसांसाठी कशाला अडकायचं?”

शंकररावांचा हात पाण्याच्या वाटीकडे गेला आणि थांबला. इतक्या जुन्या दोस्ताचा खडा त्याच्या तोंडावर पारखायचा? त्यांना ते बरं वाटेना. त्यांनी वाटी बाजूला सरकवली. बाळकृष्ण खुशीत घरी गेला.

मित्रांनो, आता पुढचं ऐका. खडा माझ्या तव्यावर ठेवला. आच नेहमीसारखीच मंद होती. थोड्या वेळानं खड्याच्या कडेला वितळलेल्या चिकटीचा बारीक बुडबुडा आला, आणि खडा आपला आपण सरकून दोन झाला. वर पापुद्र्याएवढा खरा दगड, खाली नुसती निळी काच!

मंजुळाबाई धावत आल्या. पाहिलं आणि कपाळाला हात लावला. “आता हो?” मग हळूच म्हणाल्या, “तुमच्याकडे लाख आहे ना? द्या चिकटवून. अंगठीत बसला की कोणाला दिसतंय? त्याच्या मनाला तेवढीच उभारी.”

खरं सांगू? मलाही तसंच वाटलं. चिकटवणं हेच तर माझं काम. शंकररावांनी लाखेचा गोळा उचलला, बोटांत फिरवला आणि खाली ठेवला.

“मंजुळा, हा खडा बोटात गेला तर तो आणखी दोन वर्षं त्या फाटकाशी बसेल,” ते म्हणाले. दोन्ही तुकडे पुडीत बांधून ते स्वतः बाळकृष्णकडे गेले.

पुढे काय झालं ते मला गल्लीतून येणाऱ्या आवाजानंच कळलं. बाळकृष्ण नळावर उभा राहून ओरडत होता, सारी गल्ली ऐकत होती. “ये शंकर चोर है! माझा असली खडा ठेवून घेतला आणि काच हातात दिली! तू मानत नाहीस ना शनीला, म्हणून माझं नशीब जाळलंस!”

शंकरराव घरी आले आणि माझ्यापुढे बसून राहिले. दिवा पेटवला नाही. “माझंच चुकलं,” ते म्हणाले. “त्याच्यासमोर पाण्यात टाकायला हवा होता. मी लाजलो.”

त्या दिवसापासून माझा तवा थंड पडला. इंदूरच्या सराफ्यात बातमी पोचायला पोह्याची एक प्लेट संपायचाही वेळ लागत नाही. खडे येणं बंद झालं. मंजुळाबाई लोकांकडे पापड लाटायला जाऊ लागल्या. रोज सकाळी शंकरराव मला फडक्यानं पुसत आणि पुन्हा कोनाड्यात ठेवत. मित्रांनो, अंगावर धूळ बसली तर सहन होते. पण रोज पुसून कोणी कामाला घेत नाही, हे फार लागतं.

तीन आठवड्यांनी दारात बाळकृष्ण उभा राहिला. कोणी ‘ये’ म्हणालं नाही, तो आपणच आत आला. त्याच्या हातात नवी पुडी होती. पहिला खडा विकणाऱ्या दुकानदारानं ‘कारागिरानंच बदलला असेल’ असं सांगून त्याला दुसरा खडा विकला होता.

“दिवा लाव. हा माझ्या डोळ्यांपुढे तापू दे,” तो म्हणाला.

शंकररावांनी आधी पाण्याची वाटी पुढे केली. “यात टाक, बाजूने बघ. रेघ दिसते का बघ.”

“रेघ-बिघ मला नाही कळत. तू हात नको लावू. मी ठेवतो.”

त्यानं स्वतःच्या हातानं खडा माझ्या तव्यावर ठेवला. मंजुळाबाई पीठ मळता मळता थांबल्या. तिघंही माझ्याभोवती बसले. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हा खडा खरा निघू दे, या माणसाचं भलं होऊ दे. आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, तो खरा निघाला तर माझ्या मालकाचं काय? मी आपला तापत राहिलो. मला दुसरं येतंय काय?

बुडबुडा आला. खडा सरकला. निळी काच तव्यावर एकटी पडली.

बाळकृष्ण काडीनं ती उलटीपालटी करून पाहू लागला. मग लहान मुलासारखा रडायला लागला. “म्हणजे भोंगा नाही वाजणार रे?”

“नाही वाजणार, बाळ्या,” शंकरराव म्हणाले. गिरणी बंद झाल्यावर हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्यानं बोललं.

मंजुळाबाईंनी चहा ठेवला. पण बाळकृष्ण चहासाठी थांबला नाही. डोळे पुसले आणि तडक बाहेर गेला. आम्हाला वाटलं, घरी गेला. तेवढ्यात नळावरून आवाज आला. पाण्याची वेळ होती, सारी गल्ली हंडे घेऊन उभी होती.

“सुनो रे सब लोग! शंकर चोर नाहीये! खडाच खोटा होता. दुसराही खोटा निघाला, मी स्वतः तापवून बघितला. शंकरला मी नाहक बदनाम केलं. चोर म्हणालो होतो ना मी? इथेच उभा राहून म्हणालो होतो. आता इथेच उभा राहून माफी मागतोय!”

दुसऱ्या दिवसापासून तो ठेकेदाराच्या दारी खेटे घालू लागला. ती जागा भरली होती; महिन्याभरानं दुसऱ्या इमारतीवर काम मिळालं. माझ्या तव्यावरही हळूहळू खडे येऊ लागले. काही गिऱ्हाइकं मात्र परत आलीच नाहीत.

आता शंकरराव थकलेत. ते मैत्री नावाच्या आपल्या मुलीकडे राहतात आणि मी त्याच घरी माळ्यावर असतो. अधूनमधून कोणीतरी मला भंगारवाल्याला द्यायला काढतं आणि शंकरराव परत चढवायला लावतात. मुलांनो, तुमच्याही घरी असा एखादा वेडावाकडा, हाताने केलेला डबा असेल. टाकण्याआधी घरातल्या मोठ्यांना त्याचं काम विचारा. आणि कोणाला चारचौघांत खोटं ठरवलं असेल, तर मनातल्या मनात माफी मागून भागवू नका. उठा, त्याच चारचौघांत जा आणि त्याच्या नावावरचा डाग धुऊन द्या. माझ्या लाखेनं दगड काडीला धरून राहतो, पण माणसाचं गेलेलं नाव चिकटवायला मला आजवर जमलेलं नाही. ते बाळकृष्णलाच नळावर उभं राहून करावं लागलं.