ड्रायव्हरसाहेब कुठे पडले

मसुदा पहिला

एकटा मोजा : पाचपैकी दोन. वाळत घातलेल्या कपड्यांतून एक मोजा खाली पडतो आणि जोडीदाराला शोधत गच्चीवरून गच्चीवर उड्या मारत निघतो. चित्रं अशी गोजिरवाणी की मोज्याचा पापा घ्यावा, तोही न धुतलेल्या. पण उडी! बटण दाबावं आणि मोज्याने ‘बघतो, कळवतो’ म्हणावं. तिसऱ्या गच्चीपुढच्या फटीत ड्रायव्हरसाहेब सत्तावीस वेळा पडले. उड्यांच्या खेळात उडीच उशिरा लागत असेल, तर बाकीची गोडी काय चाटायचीय?

शनिवारी दुपारी एवढं लिहून झालं तेव्हा लिहिणारी स्वतःवरच खूश झाली. ‘चाटायचीय’ तर फारच जमलं होतं.

लिहिणारी एक्केचाळीस वर्षांची. घरात मात्र अजून चिमीच. एका संकेतस्थळावर ती दर सोमवारी एका स्वस्त खेळाबद्दल लिहायची. स्वस्त म्हणजे सिनेमाच्या एका तिकिटात दोन येतील असे. कुणी एकट्यादुकट्याने नोकरी सांभाळून, जेवणाच्या टेबलावर बसून बनवलेले. फळीवरून फळीवर उडी मारायची, चुकलं की खाली, खाली गेलं की पुन्हा पहिल्यापासून. बस्स. मोठ्या कंपन्यांच्या खेळांवर लिहायला माणसं रांग लावून उभी असतात. या लेकरांना विचारणारं कोणी नव्हतं.

आणि ड्रायव्हरसाहेब म्हणजे तिचे बाबा. चौतीस वर्षं शहराची बस चालवली. एकदाही उशिरा नाही, एक कुत्रंसुद्धा चाकाखाली नाही. निवृत्तीनंतर एकदा ‘आण इकडे, बघू’ म्हणून त्यांनी लेकीचा कंट्रोलर हातात घेतला तो आजतागायत सोडला नव्हता. कंट्रोलरला ते रिमोट म्हणत, पातळीला स्टॉप, आणि मेलं की ‘उतरलो’.

चिमीची बोटं सराईत. वाईट खेळातल्या वाईट खड्ड्यावरूनही ती सहज निघून जायची, त्यामुळे खड्डा वाईट होता हे तिला कळायचंच नाही. बाबा नेमाने, सावकाश, जणू मागे चाळीस प्रवासी बसलेत असे खेळत. असा माणूस जिथे पडतो तिथे खेळाची खोट, हे तिने ताडलं आणि प्रत्येक लेखाखाली एक चौकट टाकायला लागली : ड्रायव्हरसाहेब कुठे पडले. बाबा सोफ्याच्या हातावर वही ठेवत, दर पडण्याला एक रेघ ओढत. वाचक आधी चौकट वाचत, मग जमलं तर लेख.

बाबांनी मोठ्याने वाचल्याशिवाय लेख जायचा नाही, हा घरचा नेम. खोट काढायची तर बनवणाऱ्याला आधी पुराव्यासकट कळवायचं, हा तिचा स्वतःचा. समीक्षकांना मिळणारी खेळाची प्रत कोणतं बटण केव्हा दाबलं याची नोंद ठेवते. ती नोंद तिने जोडली, ‘उडी उशिरा लागते, कृपया पाहावं’ असं लिहिलं आणि धाडून दिली.

उत्तर

‘नमस्कार. मी दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे उशिराच्या तक्रारी अंगवळणी पडल्यात. पण तुमची नोंद तीनदा तपासली. बटण दाबल्याबरोबर मोजा उडतो, पापणी लवायच्या आत. उशीर आहे, पण तो बटणाच्या अलीकडे आहे. दोन जण खेळलेत का? एकाची बोटं घड्याळाच्या काट्यावर पडतात. दुसऱ्याचं बोट कडा संपल्यावर पडतं, आणि एकदा दाबायचं तिथे तीन-तीनदा, थरथरल्यासारखं. आधी वाटलं कंट्रोलर बिघडलाय. मग वाटलं, यंत्र असं बिघडत नाही. चुकत असेन तर माफ करा. कमी गुण दिलेत तरी राग नाही.’

रविवारी सकाळी चिमीने हे दोनदा वाचलं. मग तिने जुने लेख उघडले.

‘उडी जड वाटते.’ ‘बटण आळशी.’ ‘उडीत जीव नाही.’ आठ महिने, पाच खेळ, पाच घरांत बसलेली पाच वेगवेगळी माणसं, आणि सगळ्यांना एकच रोग. त्यांच्यापैकी कोणी उलट लिहिलं नव्हतं, आणि तिला एकदाही शंका आली नव्हती. तिची स्वतःची उडी तर प्रत्येक वेळी वेळेवर लागली होती. ‘मला सवय आहे म्हणून,’ असं ती स्वतःला सांगत आली होती. सगळं जग बिघडलं असेल, बाबा बिघडणार नाहीत.

आणि बाबांनी बटणांचे शर्ट घालायचे कधी सोडले? गळ्यापर्यंत बटणं लावणारा माणूस हल्ली डोक्यातून घालायचे बनियनसारखे सदरे घालून फिरत होता. ‘उकडतं,’ म्हणाले होते. थंडीत.

“चिमे!” बाहेरून हाक आली. “मोजा आणतेस ना वाचायला? की जोडीदार सापडल्यावर आणणारेस?”

मसुदा दुसरा

एकटा मोजा : पाचपैकी चार. गच्चीवरून गच्चीवर जाणारा हा मोजा हलका, चपळ आणि बटणाचा शब्द झेलणारा आहे.

चौकट नाही.

बाबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि बसमध्ये घोषणा करावी तसं वाचलं. ‘शब्द झेलणारा’पाशी थांबले. कागद उलटा करून पाठ बघितली.

“माझे सत्तावीस कुठे गेले?”

“अहो बाबा, ते… बनवणाऱ्याने दुरुस्त केलं. काल कळवलं होतं ना मी. रात्रीतून केलं.”

“रात्रीतून?”

“हो. भला माणूस आहे.”

“भला आहेच. लाव मग. नव्या रस्त्यावरून गाडी नेऊन बघितल्याशिवाय सही करायची नसते.”

तिने लावला. दुसरं काय करणार? खोटं बोलताना माणूस पुढचा स्टॉप बघत नाही.

बाबा पुढे सरकून बसले, पाय जमिनीवर घट्ट टेकले. पहिली गच्ची. दुसरी. तिसरी. मोजा कडेपर्यंत आला, कडेवरून पुढे गेला, आणि मग बाबांचा अंगठा खाली आला. टक-टक-टक. मोजा फटीत. पुन्हा. फटीत. चिमी पडद्याकडे बघत नव्हती. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती अंगठ्याकडे बघत होती.

पाचव्यांदा पडल्यावर बाबांनी रिमोट मांडीवर ठेवला.

“चिमे, तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. तुझी आई मला म्हणायची, पोरगी तुमच्यावर गेली.”

“बाबा…”

“काय लिहिलंय त्याने? वाच. माझ्यासारखं वाच, मोठ्याने.”

तिने वाचलं. ‘थरथरल्यासारखं’ या शब्दापाशी ती ‘थर…’ म्हणून थांबली, तेव्हा बाबांनीच तो पुरा केला.

“हुशार आहे हा लिफ्टवाला,” ते म्हणाले. “न बघता ओळखलं. मला कळायला महिना लागला होता.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“हात कोणाचा आहे?”

“मग बोलला का नाहीत? आठ महिने, बाबा! मी त्या पाच जणांना काय काय बोलले!”

“पहिल्या वेळी मलाही वाटलं, खेळच भिकार आहे. दुसऱ्या वेळी मला हवं होतं की खेळच भिकार असावा.” त्यांनी उजवा हात उचलून पालथा धरला. हात हवेत बारीक हलत होता, इंजिन चालू ठेवून उभ्या केलेल्या बससारखा. “तू इतकं ठासून लिहायचीस ना, ‘बटण आळशी’. मोठ्याने वाचताना बरं वाटायचं गं. कोणीतरी माझी बाजू घेतंय असं.”

चिमीने तो हात दोन्ही हातांत घेतला. तिच्या हातांतही तो थांबला नाही. तिने सोडलाही नाही.

“डॉक्टरकडे जायचं,” ती शेवटी म्हणाली.

“जायचं.”

“उद्याच.”

“परवा. उद्या सोमवार, लेख छापून यायचाय.” बाबांनी हात सोडवून घेतला आणि वही तिच्यापुढे सरकवली. “हे दोन्ही फाड. मी सांगतो, तू लिही. आणि मध्ये रडायचं नाही. गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायची बंदी असते.”

“मी बोलत कुठेय?”

“नाक ओढतेयस. तेही बोलण्यातच धरतात.”

मसुदा तिसरा (बाबांनी सांगितला, चिमीने लिहिला, एक शब्द सोडून सगळं तसंच ठेवलं)

एकटा मोजा : पाचपैकी चार.

या मोज्याच्या उडीत खोट नाही. गेल्या आठ महिन्यांत ज्या पाच खेळांची उडी उशिरा लागते असं इथे छापलं, त्यांच्याही उडीत खोट नव्हती. उशीर ड्रायव्हरसाहेबांच्या हाताला होतो. त्या पाच जणांची हात जोडून माफी. हात हलताना दिसले तरी माफी खरीच आहे. त्यांचे गुण आजपासून दुरुस्त करून ठेवू.

ड्रायव्हरसाहेब कुठे पडले : तिसरी गच्ची, बत्तीस वेळा.

मग पाचवा गुण का कापला? ऐका. बस सुटताना आरशात धावत येणारा एखादा म्हातारा दिसतो. वेळापत्रकात त्याच्यासाठी जागा नसते. ड्रायव्हरसाहेब तरी दोन श्वास थांबायचे, आणि पुढच्या चौकाआधी ते दोन श्वास भरूनही काढायचे. चौतीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही. मोज्यालाही कडा सुटल्यावर दोन श्वास हवेत थांबता आलं पाहिजे. सगळ्यांसाठी नको. ज्याला लागेल त्याने मागून घ्यावं, एवढी सोय असावी. लिफ्टवाल्यांना दार धरून ठेवायचं बटण आम्ही काय शिकवणार?

बाबांनी मोठ्याने वाचलं. एकदाही अडखळले नाहीत.

“कोणता शब्द बदललास?”

“‘थेरडा’ होतं. मी ‘म्हातारा’ केलं.”

“थेरडाच बरोबर होतं.”

“राहू दे. वाचकांचे तुम्ही लाडके आहात, रागावतील ते.”

चिमीने लेख पाठवला, लिफ्टवाल्याला एक प्रत आधी. मग मोबाइल काढून दवाखान्यात मंगळवारची वेळ घेतली. बाबा शेजारीच बसून ऐकत होते. वय विचारलं तेव्हा त्यांनी दोन वर्षं कमी सांगायची खूण केली, ती तिने मानली नाही.

पडद्यावर मोजा पुन्हा पहिल्या गच्चीवर येऊन तसाच उभा होता, पाय नसलेल्या पायावर डुलत.

“याला असाच ठेवणारेस का?” बाबा म्हणाले.

“तुम्ही न्या ना.”

“डावीकडचं माझ्याकडे ठेव. पुढे मी नेतो, उडी तू मार. मी ‘आता’ म्हणेन.”

ती त्यांना चिकटून बसली. कंट्रोलर दोघांच्या मधे, अर्धा त्यांच्या मांडीवर, अर्धा तिच्या. त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली मोजा चालू लागला, सावकाश, जणू मागे चाळीस प्रवासी. कडा जवळ आली. चिमीचं बोट बटणावर टपून बसलं. तिला वाटलं, ही फट आपण डोळे मिटूनही ओलांडली असती.

“आता!”

तिने दाबलं. मोजा उडाला, समोरच्या गच्चीच्या काठाला घासला आणि फटीत गेला.

बाबांनी तिच्याकडे वळून बघितलं.

“आता म्हटलं की आता,” बाबा म्हणाले. “आतानंतर नाही.”

“तुम्हीच उशिरा म्हणालात!”

“जीभ थरथरत नाही माझी.”

त्यांनी वही ओढून घेतली. नव्या पानावर जरा वेडंवाकडं, पण वाचता येईल असं ‘चिमी’ लिहिलं, आणि त्यापुढे एक रेघ ओढली. रेघ थोडी नागमोडी झाली.

“चल,” ते म्हणाले, “पुन्हा पहिल्यापासून.”