दान दिलेली खुर्ची

माझ्या सासऱ्यांच्या तेरवीला आम्ही त्यांची वेताची खुर्ची दान दिली आणि त्या दिवसापासून सासूबाईंचं जेवण सुटलं.

हा रुसवा नव्हता. सोजराबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं आणि आठवणीही एकेक करून चालल्या होत्या. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेले हे त्यांना रोज सांगावं लागे आणि त्या रोज नव्याने रडत. शेवटी आम्ही सांगणंच सोडलं. आवाजावरून मला नि आपल्या मुलाला ओळखत, आणि घर मात्र हाताला पाठ होतं. भिंत, देवघराची चौकट, मग खुर्ची.

मामाजी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. बोटात खामगावच्या चांदीची जाड अंगठी. पेपर वाचताना खुर्चीच्या उजव्या लाकडी हातावर ती घासत राहायची त्यांची सवय. वर्षानुवर्षं घासून तिथे बोट बसेल अशी खाच पडली होती. सासूबाई खाली पाटावर बसायच्या, खाचेत बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "बसले का?" वरून "हाव" आलं की मगच ताटाला हात लावायच्या. मामाजी गेल्यावर खाचेला बोट लागलं की तेवढ्यावरच जेवत.

खुर्ची द्यायचा हट्ट आशाबाईंचा, माझ्या नणंदेचा. त्या आमच्याच गल्लीत राहतात आणि दिवसातून एकदा तरी आमच्या घरातली भांडी मोजून गेल्यासारखं बघून जातात. "बाबाले जे आवडत होतं तेच द्या लागते," त्या म्हणाल्या. "त्यायचा जीव अडकून राह्यला तं कोन जबाबदार?" माझ्या नवऱ्याने, शेखरने, मान डोलावली. बहिणीपुढे त्याची मान तेवढं एकच काम करते. गादी, छत्री, चपला आणि खुर्ची गुरुजींच्या घरी गेली.

"खुर्ची कुठी गेली?" दुसऱ्या दिवशी सासूबाई रिकाम्या जागेवर हात फिरवत होत्या.

"दुरुस्तीले देली, आई," शेखर म्हणाला.

"मंग ते कुठी बसतीन? ते बसल्याबिगर मी कशी जेवू?"

घरातली प्लास्टिकची खुर्ची ठेवून पाहिली, ती त्यांनी पायाने सरकवली. चहा घेत, कधी दूध. खिचडीचा चमचा नेला की ओठ घट्ट मिटत. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की दुखणं काही नाही, पण पोटात अन्न गेलं नाही तर या फार दिवस काढणार नाहीत.

अशात शेखरला ती खुर्ची दिसली. पुंजाजीच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात, बाहेरच, एक पाय वर करून ठेवलेली. गुरुजींना मी दोष देत नाही. लोकांच्या मेलेल्या माणसांच्या खुर्च्या त्यांनी तरी घरात किती ठेवायच्या?

पण दान दिलेली वस्तू उंबऱ्याच्या आत परत आणायची नसते. आशाबाईंना कळलं असतं तर सगळी गल्ली गोळा झाली असती. आणि खरं सांगायचं तर शेखरही घाबरला होता. "रंग देल्यावर ते तीच थोडीच राह्यते?" तो म्हणाला. मला नाही, बहुतेक देवाला म्हणाला.

गोपाळभाऊंच्या, त्याच्या मित्राच्या, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही ती नेली. घरातला बल्ब बदलायलाही माणूस बोलावणारा माझा नवरा काचपेपर घेऊन बसला. बैठकीचा तुटका वेत त्याने नवा ओवून घेतला. बापासाठी रडला नव्हता तो, तिथे भुशाचं निमित्त करून डोळे पुसत होता. मग निळा ऑइल पेंट आणला. रंगाआधी त्याने त्या खाचेत लांबी, रंगाऱ्यांची पुट्टी, भरली.

"ताईचा पयला हात तिथंच जाते," तो म्हणाला.

माझ्याही डोक्यात तेव्हा फक्त आशाबाई होत्या. "अजून थोडी भरा, खड्डा दिसते," मी म्हटलं. लांबी वाळल्यावर त्याने ती घासून गुळगुळीत केली आणि वर रंगाचे दोन हात दिले.

खुर्ची घरी आली. आशाबाई आल्या, चहूबाजूंनी फिरल्या, बसून पाहिलं. "चांगली हाये. नवीच घेतली का?" शेखरने मान डोलावली. मला हसू आवरेना. मी पटकन खिचडीचं ताट वाढलं आणि सासूबाईंना हाताला धरून आणलं.

त्यांनी नेहमीसारखी भिंत चाचपली, चौकट चाचपली. खुर्चीचा पाय लागला तसा त्यांचा चेहरा उजळला. त्या पाटावर बसल्या, हात वर नेला. उंची तीच, वळण तेच. बोट उजव्या हातावर पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी चाचपलं, आणि नाकाला बोट लावून रंगाचा वास घेतला.

हात त्यांनी मांडीवर घेतला, पदर सारखा केला.

"बाई, हे कोनाचं घर होय?" त्यांनी मला विचारलं.

"आपलंच, आई. मी प्रतीक्षा."

"तुमची खुर्ची चांगली हाये," त्या अदबीने म्हणाल्या. "पन जेवाचं राहू द्या. आमच्या घरी सैपाक होऊन राह्यला असन. ते वाट पाहत असतीन."

मी चमचा पुढे नेला. त्यांनी हात जोडले. परक्या घरी जेवायचा आग्रह मोडताना जोडतात तसे. त्या दिवसापासून त्यांनी चहाही घेतला नाही.

"आई, बाबाचीच हाये!" शेखर ओरडला. आशाबाई वळल्या. "दान देलेली? दान देलेली घरात आनली?" त्या सुरू झाल्या, पण आईच्या जोडलेल्या हातांकडे बघून मधेच थांबल्या. शेखरचं कुणाकडे लक्ष नव्हतं. त्याने सुरी आणली आणि खुर्चीच्या हातावरची लांबी खरवडायला लागला. निळे कपचे सासूबाईंच्या पदरावर पडत होते. खाच निघाली, पण वाकडी, सुरीची. त्याने आईचं बोट धरून त्यात ठेवलं. धारदार कड लागली तसं त्यांनी ते मागे घेतलं.

"चांगलं काम करता हो तुमी," त्या त्याला म्हणाल्या. "येवढं करा माह्यं. आमच्या शेखरले सांगजा, मले न्याले ये म्हनावं."

शेखरच्या हातातली सुरी तशीच राहिली.

"सांगतो," तो म्हणाला.